येऊन राहिलो

उन्हाळ्यात कूलरमध्ये पहिल्यांदा पाणी सोडलं की आमच्या घरात व्हेनिस येतं. वर्षभर कोरड्या पडलेल्या टाकीचा, गंजाचा, जुन्या शेवाळ्याचा आणि भिजलेल्या गवताचा मिळून एक वास वाऱ्याबरोबर खोलीत शिरतो आणि मी हातातलं काम सोडून उभी राहते. तोच वास. हिरव्या पाण्यात पाय बुडवून उभ्या असलेल्या त्या भिंतींचा. लोक परदेशातून अत्तराच्या बाटल्या आणतात, मी हा वास घेऊन आले. आमच्या वकीलसाहेबांना हे सांगितलं तर ते नाक मुरडतात. म्हणतात, "व्हेनिस कायचं मास्तरीणबाई, टाकी धुतली नाई त्याच्यानं घाण वास येऊन राहिला."

वकीलसाहेब म्हणजे माझे यजमान. सारी हयात अमरावतीच्या कोर्टात काळा कोट घालून काढली. तिथे छापील मराठी बोलायचे, घरात पाऊल टाकलं की कोटाबरोबर ती मराठीही खुंटीला लावायचे. मी इथल्याच एका शाळेत मराठी शिकवायची. 'मी अभ्यास करून राहिलो आहे' असं निबंधात लिहिणाऱ्या पोरांच्या वहीवर लाल रेघ मारायची आणि घरी येऊन यांना विचारायची, "काय करून राहिले?" त्यात मला कधी काही विसंगत वाटलं नाही. शाळेची साडी वेगळी, घरातली वेगळी.

यंदा गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे सगळीच कामं लांबली. कूलरच्या गवताच्या ताट्या आज बदलल्या, थेट मे महिन्यात. टाकीत पाणी सोडलं, मोटर सुरू झाली आणि तो वास आला. एरवी मी एक क्षण थांबते आणि कामाला लागते. पण आज वकीलसाहेब घरी नाहीत. माझ्या चुलतभावाच्या मुलीच्या लग्नाला अकोल्याला गेले आहेत, एकटेच. माझा गुडघा अजून घराचा उंबरठा ओलांडायच्या लायकीचा झालेला नाही. आणि त्यांचा फोन लागत नाहीये.

यात घाबरण्यासारखं काय, असं कुणीही म्हणेल. माझी सूनही हैदराबादहून फोनवर तेच म्हणाली. पण यांना मधुमेह आहे, इन्सुलिनवरचा. सकाळी सुई टोचून, पोहे खाऊन गेले. सुई घेतलेल्या माणसाचं जेवण लांबलं की त्याच्या रक्तातली साखर झरझर उतरते. आधी घाम सुटतो. मग हात कापायला लागतात. मग चिडचिड, मग बोलताना जीभ अडखळते आणि शेवटी माणूस असेल तिथे खाली बसतो. बघणाऱ्याला वाटतं, भरदुपारी लावून आलाय. आणि आपल्याकडची लग्नाची पंगत! मुहूर्त टळून जातो, नवरदेव अजून घोड्यावरच असतो, त्याचे मित्र बँडसमोरून हलत नाहीत. बाहेर अकोल्याचं ऊन. त्या उन्हात धडधाकट माणसाचेही डोळे फिरतात.

मी पुन्हा फोन लावते. तीच बाई, तेच वाक्य. संपर्क क्षेत्राच्या बाहेर.

व्हेनिसला गेलो त्या वर्षीही मे महिनाच होता. मुलाने हट्टाने आमची इटलीची सहल ठरवली होती. निघायच्या आधी अमरावतीत रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं आणि मी बॅगेत मफलर भरत होते. पुण्या-नाशिकची बरीच मंडळी, आणि वऱ्हाडातली आम्ही दोनच जोडपी. आम्ही, आणि अकोल्याचे हनीफभाई आणि शमीमभाभी. हनीफभाईंचा गाद्यांचा कारखाना. गाठ पडली ती मुंबईच्या विमानतळावर. शमीमभाभींनी मला विचारलं, "तुमी कोनत्या गावच्या?" मी अमरावती म्हटल्यावर त्यांनी माझा हातच धरला. "मंग तं आपलंच मानूस!" मी माहेरची अकोल्याची आहे हे कळल्यावर तर बोलायची सोय नाही. पुढच्या साऱ्या प्रवासात आम्ही बसमध्ये पुढे-मागे बसलो. पुण्याच्या बायका आमच्या गप्पा कौतुकाने ऐकायच्या. "किती गोड बोलता हो तुम्ही," असं त्यातली एक म्हणाली. आम्ही गोड बोलतो असं यापूर्वी आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं.

आमची टूर मॅनेजर सायली, पुण्याची पोर. हुशार, लाघवी, सगळ्यांना काका-काकू करणारी. तिने पहिल्याच दिवशी सगळ्यांना भगव्या टोप्या वाटल्या. "गर्दीत हरवलात तर टोपी बघायची," म्हणाली. शिवाय गळ्यात अडकवायचं एक छोटं यंत्र आणि कानात घालायची गोळी. गाइड पुढे चालत हळू आवाजात बोलायची आणि ते आमच्या कानात यायचं. त्यातली खुबी अशी की तुम्ही मागे पडलात की आवाज तुटायला लागतो. आधी खरखर, मग अर्धे शब्द, मग काहीच नाही. मला ते यंत्र फार आवडलं. जन्मभर मी काळजी करत आले, पण नेमकी केव्हा सुरू करायची हे सांगणारं साधन पहिल्यांदाच मिळालं होतं. यांनी मात्र ते नुसतंच गळ्यात अडकवलं. कानात घातलं की खाज सुटते म्हणे.

मी काळजीखोर आहे हे आमच्या घरात सर्वमान्य आहे. माझी आई तशीच होती. वडील शेजारच्या गावाहून सायकलवर परत यायला उशीर झाला की ती दारात उभी राहायची आणि कुणी काही विचारलं तर "कुठं काय, वारा घेते" म्हणायची. कौंडण्यपूरच्या यात्रेत तिने माझ्या फ्रॉकच्या पट्ट्याला आपला पदर बांधला होता. मी पाळण्याकडे ओढायची, ती देवळाकडे, आणि मधल्या गाठीचं काही बिघडायचं नाही. व्हेनिसच्या धक्क्यावर बोटीतून उतरले तेव्हा समोरची गर्दी बघून मला तो पदर आठवला. पण मी पंजाबी ड्रेसमध्ये होते आणि यांनी टी-शर्ट घातला होता. बांधायचं कशाला काय?

आणि काय ती गर्दी! ज्या शहरात गाडी नाही, स्कूटर नाही, बैलगाडीही नाही, तिथे माणूस मोकळा चालत असेल असं मला वाटलं होतं. तर तिथे खांद्याला खांदा. समोर तो मोठा चौक, त्यात उन्हात चमकणारं सोनेरी चर्च, वर घंटा वाजवणारे दोन काळे पुतळे, खाली कबुतरं, आणि दिसेल तिथे छत्र्या, झेंडे, टोप्या, त्यांच्यामागून धावणारी माणसं. कानात गाइड सांगत होती, इथले राजे, इथले कैदी, पलीकडे उसाशांचा पूल, कैद्यांनी तिथून शेवटचा उसासा टाकला. मी एका कानाने कैदी ऐकत होते आणि डोळ्याने यांची टोपी राखत होते. त्या दिवशी सकाळी हॉटेलात यांनी थंडगार पाव बघून नीट खाल्लं नव्हतं. सुई मात्र घेतली होती. खडीसाखरेची पिशवी माझ्या पर्समध्ये. फोनचं परदेशी कार्ड एकच घेतलेलं, ते यांच्या फोनमध्ये. माझ्या फोनचा उपयोग फक्त वेळ बघायला.

चौकात थोडा मोकळा वेळ मिळाला. शमीमभाभी आणि मी बायकांच्या रांगेत उभ्या राहायला गेलो. जाताना यांना म्हटलं, "इथंच थांबा, या घड्याळाखाली. हलू नका." हे म्हणाले, "हाव." रांग मारुतीच्या शेपटासारखी वाढलेली. परत आलो तर घड्याळाखाली निरनिराळ्या देशांची माणसं होती आणि आमचे वकीलसाहेब नव्हते. पण तेवढ्यात सायली हसत आली. "काकू, काकांचाच फोन आला होता. ते पुलावर येऊन थांबलेत. काचेचं प्रात्यक्षिक बघितलं की आपण तिकडेच जाणार आहोत. निवांत बघा."

आणि मी निवांत बघितलं. भट्टीसमोरचा कारागीर नळीच्या टोकावर लालबुंद गोळा फिरवत होता, चिमट्याने ओढत होता, बघता बघता त्यातून एक घोडा उभा राहिला, मागच्या दोन पायांवर. आम्ही टाळ्या वाजवल्या. शमीमभाभी म्हणाल्या, "हा अकोल्यात असता तं यानं भट्टीसमोर बसाचं नावच नसतं घेतलं." मी हसले. घोडा घ्यावा की न घ्यावा यावर हनीफभाईंची आणि त्यांची जुंपली, ती ऐकत उभी राहिले. तिकडे यांच्या रक्तातली साखर उतरत होती आणि मी काचेचे घोडे बघत होते, कारण मला कुणीतरी सांगितलं होतं की ते थांबले आहेत.

उसाशांच्या पुलापाशी पोचलो. तिथे सारं जग फोटो काढत होतं. आमची टोपी नव्हती. सायली इकडेतिकडे बघू लागली. "इथेच म्हणाले होते हो काका," ती म्हणाली.

"काय म्हणाले? त्यांचे शब्द सांग."

"म्हणाले, पुलावर येऊन राहिलो."

शमीमभाभींनी डोक्याला हात लावला. "अवो पोरी, येऊन राहिलो म्हनजे येऊन राहिले ना ते!"

"तेच ना," सायली म्हणाली. "आले आणि राहिले. म्हणजे थांबले."

"राहिले म्हणजे थांबले नाहीत," मी म्हटलं. "राहिले म्हणजे चालले आहेत गं बाई."

तिचा काय दोष? पुण्याच्या मराठीत राहणारा माणूस एका जागी राहतो. आमच्याकडचं राहणं जागेवर बसतच नाही. आमच्याकडे पाऊस येऊन राहतो, पोरगं रडून राहतं, दूध उतू जाऊन राहतं. जे थांबलेलं नाही, अजून चालूच आहे, त्यालाच आम्ही 'राहिलं' म्हणतो. तिला वाटलं काका पोचले, टेकले. आणि हे तर त्या वेळी चालत होते, कुठल्याशा पुलाकडे, आणि त्या गावात प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी एक पूल आहे. व्याकरणाची मास्तरीण म्हणून मी ज्याच्यावर रेघा मारत आले ते सहायक क्रियापद त्या परक्या गावात माझ्या नवऱ्याला घेऊन निघून गेलं होतं.

सायलीने फोन लावला. बंद. सकाळपासून बोटीचे, पाण्याचे, कबुतरांचे व्हिडिओ काढून काढून बॅटरी संपवली असणार. पोरगी आता रडकुंडीला आली होती. मी तिचे दोन्ही दंड धरले आणि वर्गात धरावं तसं विचारलं, "आणखी काय म्हणाले? आठव."

"खूप आवाज होता मागे. टोपीचं काहीतरी म्हणाले. टोपी दिसून राहिली, असं. आणि दुकानांचं. पुलावर दुकानं आहेत म्हणाले. मला वाटलं, दुकानं काय, सगळीकडेच आहेत."

दुकानं पुलावर. सकाळीच कानातल्या गोळीतून ऐकलं होतं, इथला एक मोठा जुना पूल असा आहे की त्याच्यावर दोन्ही बाजूंना दुकानं आहेत. रियाल्तो. हनीफभाईंनी सायलीच्या हातातला झेंडा काढून घेतला. "तुमी जा पोरी याईच्या संगं. मी या साऱ्याईले इथून हालू देत नाई," म्हणाले, आणि पुण्या-नाशिकच्या मंडळींसमोर झेंडा घेऊन असे उभे राहिले की कुणाची काही बोलायची छाती झाली नाही.

आम्ही तिघी निघालो. त्या गल्ल्या मी कधी विसरणार नाही. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने भिंतीला पाठ लावावी इतक्या अरुंद. भिंतीवर पिवळ्या पाट्या, बाण काढलेले, आणि एके ठिकाणी तर बाण दोन्हीकडे. दुकानांत मुखवटे टांगलेले, सोन्याचे, पिसांचे, लांब नाकांचे, सगळ्यांच्या डोळ्यांच्या जागी भोकं. चामड्याचा वास, तळलेल्या माशांचा वास आणि त्या सगळ्याखाली तो पाण्याचा वास. पूल आला की पायऱ्या चढायच्या, उतरायच्या, पुन्हा पूल. माझ्या कानात ती गोळी तशीच होती. पुलापाशी थांबलेली गाइड तिकडे शांतपणे कुठल्याशा राजाच्या मुकुटाविषयी सांगत होती. मग खरखर सुरू झाली. मग मुकुट अर्धा झाला. मग काहीच ऐकू येईना.

प्रत्येक भगवी वस्तू मला ती टोपी वाटत होती. कुणाचं जाकीट, कुणाच्या पाठीवरची पिशवी, एका खिडकीतली कुंडी. मी मनात काय काय बघून घेतलं! ते कुठल्या पायरीवर आडवे झालेत, लोक त्यांना ओलांडून जाताहेत, नाक दाबताहेत. पाण्याला तिथे कठडा नाही, गल्ली सरळ पाण्यात संपते. ते जर तोल जाऊन... मी मोठ्याने काहीतरी बोलले असणार, कारण शमीमभाभी माझ्या पाठीवर हात फिरवत म्हणाल्या, "काई नाई होत भाभी. अल्लाह हाय ना. चाला तुमी, पाय उचला." त्यांचे स्वतःचे पाय सुजले होते. त्यांनी सँडल काढून हातात घेतल्या होत्या.

कूलरची मोटर आता लयीत लागली आहे. वास ओसरला. मी अकोल्यातल्या आणखी दोघातिघांना फोन लावून पाहिले. वाजून वाजून बंद पडतात. बँडच्या आवाजात कुणाला ऐकू येणार? चुलतभावजय एकदा उचलते, तिच्याकडून मला फक्त सनई ऐकू येते आणि "हॅलो, हॅलो, मांगून करते" एवढं म्हणून ती ठेवून देते. घरात दुपार पसरली आहे. रस्त्यावर कुणी नाही. समोरच्या कडुनिंबाखाली एक कुत्रं जीभ काढून पडलंय. मी उठते, वॉकर धरून दारापर्यंत जाते, परत येते. वारा घेते म्हणायला वाराही नाही.

काळजीचं मला एक कळलेलं नाही. ती माणसाला उपयोगी कुठे पडते? पर्समध्ये खडीसाखर ठेवते तेवढीच तिची करामत. पर्स एकीकडे आणि माणूस एकीकडे झाला की ती नुसती जाळत बसते. आणि तरी ती सोडून द्यावी असं एकदाही वाटलं नाही. मी विचार करायचं थांबवलं आणि नेमक्या त्याच वेळी काही झालं तर, असं एक भय आहे. आई दारात उभी राहिल्यामुळे वडिलांची सायकल सुखरूप येत नव्हती, हे मला समजतं. पण ती आत बसली असती तर मला चाललं नसतं.

रियाल्तोच्या पुलावर पोचलो तेव्हा माझा श्वास लागला होता. पुलाच्या मधोमध कमान, दोन्हीकडे दुकानं, आणि कठड्याशी फोटो काढणाऱ्यांची भिंत. खाली मोठा कालवा, त्यात बोटीच बोटी. सायली एका बाजूला बघत होती, शमीमभाभी दुसऱ्या. मी मध्ये उभी. आणि त्या साऱ्या गोंगाटात, भोंग्यात, दहा भाषांच्या गलबल्यात मला कुणीतरी हाका मारताना ऐकू आलं.

"वंदना! ए वंदना!"

खरं सांगते, मला वाटलं, कुणीतरी दुसरी वंदना असेल. आपल्यासारखीच आलेली कुणी. कारण मला त्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही. आमच्या पिढीत बायकोला चारचौघांत नावाने हाक मारायची पद्धत नव्हती. लग्न झाल्यापासून मी 'ऐकलं काय' होते, मग 'राहुलची आई', मग 'मास्तरीणबाई'. यांच्या तोंडून माझं नाव मी ऐकलं होतं ते एकदाच, लग्नात, उखाण्यात, तेही लोकांनी अडवून धरलं म्हणून. म्हणून वळायला मला उशीर झाला.

पुलाच्या पलीकडच्या पायथ्याशी, बाजाराच्या तोंडाशी, ते भिंतीला एक हात लावून उभे होते. टोपी हातात चुरगळलेली. टी-शर्ट घामाने अंगाला चिकटलेला. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक बाईच्या तोंडाकडे बघत होते आणि ओरडत होते. लोक वळून बघत होते, थोडं लांबून जात होते. मी कशा पायऱ्या उतरले मला माहीत नाही. जवळ गेले तर त्यांनी माझं मनगट धरलं. हात बर्फासारखा गार आणि थरथरता. डोळ्यांत ओळख होती आणि राग होता.

"कोठी गेलती तू?" जीभ जड झाली होती. "केव्हाचा शोधून राहिलो! टोपी दिसली तुही, गल्लीत चालली होती. आवाज देल्ला, पाहिलंच नाई तू. मांगं मांगं आलो तं तू पुलावर. पुलावर आलो तं तू नाई."

कुणाच्या तरी डोक्यावरच्या भगव्या टोपीमागून ते इथवर आले होते. ती बाई कोण होती, कुठल्या देशाची, देव जाणे.

"आधी हे तोंडात टाका," मी खडीसाखर पुढे केली.

"नाई. आधी सांग. कोठी गेलती?"

"अवो वकीलसाहेब," मागून शमीमभाभी धापा टाकत म्हणाल्या, हातात सँडल तशाच, "आधी तोंड उघडा. भांडन मंग करा. मी थांबते आयकाले."

त्यांनी तोंड उघडलं. मी एकामागून एक खडे भरवले, तिथेच, भर रस्त्यात, पाण्याची बाटली तोंडाला लावली. सायलीने कुठूनसा संत्र्याचा रस आणला. आम्ही तिघी त्यांच्याभोवती पायरीवर बसलो. माणसं आम्हाला वळसा घालून चढत होती, उतरत होती. हळूहळू हाताचा कंप कमी झाला. तोंडावर रंग आला. मग मला रडू फुटलं आणि मी विचारलं, "अहो, पावलोपावली आइस्क्रीमची दुकानं होती. कळत नव्हतं का, साखर उतरते आहे ते? एखादं घ्यायचं, खायचं."

"समजत होतं ना," ते म्हणाले. अजून जरा अडखळतच. "हात कापून राहिले होते, समजत होतं. पन खात बसलो असतो तं तू अजून दूर गेली असती. तुह्याजवळ फोन नाई. तुले इथली भाषा नाई येत. हरवली असती तू."

हरवली असती तू. मी तोवर एकदाही असा विचार केला नव्हता. त्या चौकापासून त्या पुलापर्यंत मी एका हरवलेल्या माणसाला शोधत होते, आणि तो माणूस साऱ्या गल्ल्यांतून मला शोधत होता. माझी काळजी मी अंगावर दागिन्यासारखी घालून मिरवते, चारचौघांत सांगते. यांची मला कधी दिसलीच नव्हती. मी त्यांच्याकडे बघत राहिले. शमीमभाभींनी तोंड दुसरीकडे फिरवलं आणि कालव्याकडे बघत बसल्या.

फोन वाजतो आहे. माझा गुडघा, वॉकर, टेबल, सगळं एकाच वेळी मध्ये येतं. नंबर ओळखीचा नाही. उचलते. पलीकडे बँड, भांड्यांचे आवाज, कुणीतरी वाढप्यांवर ओरडतंय आणि त्या सगळ्यातून यांचा आवाज, जरा अडखळता. "हॅलो, मास्तरीणबाई? मघापासून लावून राहिलो. माह्या फोनले इथं टावरच नाई. म्हनून व्याह्याचा मागून घेतला. तू काहून उचलून नाई राहिली? पडली तं नाई ना? गुडघा?"

माझा फोन मघापासून त्यांच्याच नावाने गुंतलेला होता. मी सांगत नाही. "जेवलात का?" असं ओठांवर आलेलं मी गिळते, कारण त्यांना आधी काय ऐकायचं आहे हे मला आता माहीत आहे.

"मी घरीच आहे," मी म्हणते. "बरी आहे. खुर्चीत बसले आहे."



"हाव ना? मंग ठीक हाय," ते म्हणतात. "मंग आता बसतो मी पंगतीले."